पाठभेद, लिंग आणि उपाधी : डायलिसिसवरील रुग्णांतील रोहिण्यांचे कॅल्सीभवन आणि जनुकीय भिन्नता

हस्तलिखितांचा संपादक आणि जनुकशास्त्रज्ञ यांच्या परिभाषेत एक मोठा प्रदेश समाईक आहे, आणि तो योगायोगाने तसा झालेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर आनुवंशिक द्रव्याची रचना उलगडू लागली, तेव्हा जीवशास्त्रज्ञांनी अक्षर, प्रतिलेखन, भाषांतर, संपादन, ग्रंथालय ही परिभाषा ग्रंथव्यवहारातून उचलली. डीएनएवरून आरएनए बनण्याला प्रतिलेखन आणि आरएनएवरून प्रथिन बनण्याला भाषांतर म्हणण्याची रीत आता इतकी रुळली आहे, की तिच्यातले रूपक रूपक म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाच्या मात्र ते ध्यानात यायला हवे. कारण परिभाषा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाते तेव्हा तिच्याबरोबर जुने प्रश्नही जातात. पाठभेद आणि अपपाठ यांतील सीमारेषा कोणती? संहितेतील भेदाने अर्थात भेद होतोच का? उपलब्ध प्रतींवरून हरवलेल्या प्रतींविषयी किती बोलावे?

प्रस्तुत लेखात वैद्यकातील एक मर्यादित विषय घेऊन हे प्रश्न तेथे कोणत्या रूपात उभे राहतात, हे समजावून देण्याचा प्रयत्न आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे डायलिसिसवर जगणाऱ्या माणसांच्या रोहिण्यांमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फेट साचून त्या कठीण होतात, आणि या रुग्णांच्या मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा सर्वांत मोठा असतो. परंतु एकाच कक्षात, एकाच प्रकारच्या यंत्रावर, तितकीच वर्षे काढलेल्या दोन रुग्णांपैकी एकाच्या रोहिण्या दगडासारख्या होतात आणि दुसऱ्याच्या बऱ्याच अंशी मऊ राहतात. हा फरक त्यांच्या जनुकीय संहितेत वाचता येईल काय, आणि रक्तातील काही खुणांवरून तो आधी ओळखता येईल काय, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे संशोधकांपुढे आहे. त्याचे उत्तर चुकले तर एखाद्या रुग्णाला नको ते औषध मिळते, किंवा हवे ते नाकारले जाते. म्हणून येथील वाचनदोष पाठचिकित्सेतील वाचनदोषापेक्षा महाग पडतो.

रोहिणीतील हाड

रोहिण्यांमध्ये चुना साचतो ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. १९९१ साली आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या रोहिण्यांतही कॅल्सीभवन आढळले आहे. त्याच्या जनुकसंचाचे वाचन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हृदयरोहिणीच्या विकाराकडे कल दर्शविणारा एक पाठही त्यात मिळाला. आधुनिक विकृतिशास्त्राचा प्रवर्तक रुडोल्फ फिरखो याने १८५५ मध्ये हाडांतला चुना सुटून शरीरात अन्यत्र स्थिरावतो अशी मांडणी केली आणि पुढे रोहिण्यांत कधी कधी साधा चुना न साचता प्रत्यक्ष अस्थिनिर्मितीच होते, असेही नोंदवले. १९०३ मध्ये योहान मेंकेबर्ग याने रोहिणीच्या मधल्या थरातील कॅल्सीभवनाचे वर्णन केले. ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. आतल्या थरातील कॅल्सीभवन कोलेस्टेरॉलच्या थरांबरोबर येते आणि रोहिणीचा मार्ग अरुंद करते. मधल्या थरातले मात्र मार्ग मोकळा ठेवून भिंतच ताठ करते. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का सामावून घेणारी लवचीक नळी उरत नाही, तो धक्का हृदयालाच परत सोसावा लागतो आणि डाव्या जवनिकेची भिंत जाड होत जाते. डायलिसिसच्या रुग्णांत दोन्ही प्रकार आढळतात.

फिरखोचे अस्थिनिर्मितीविषयीचे निरीक्षण पुढच्या काळात जवळजवळ विस्मृतीत गेले. विसाव्या शतकाचा बराचसा भाग कॅल्सीभवन म्हणजे वार्धक्याने होणारी एक निष्क्रिय झीज, जुन्या नळात क्षार धरावा तशी गोष्ट, असे समजण्यात गेला. या समजुतीला तडा गेला तो १९९० नंतर. १९९३ मध्ये मानवी रोहिण्यांच्या कॅल्सीभूत भागांत हाडांची निर्मिती घडवून आणणारे एक प्रथिन सापडले. २००० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रोहिणीच्या अरेखित स्नायुपेशींना अधिक फॉस्फेट दिले असता त्या पेशी आपला स्नायूपणा सोडून अस्थिजनक पेशींसारख्या वागू लागतात, हे दाखवले गेले. फॉस्फेट पेशीच्या आत वाहून नेणाऱ्या प्रथिनाला रोखले, की हे रूपांतर मंदावते. म्हणजे रोहिणीत चुना नुसता साचत नाही. रोहिणी हाड बनवू लागते.

या शोधाने प्रश्नाची दिशाच उलटली, ही त्याची खरी महत्ता. निरोगी माणसाच्या रक्तातही कॅल्शियम आणि फॉस्फेट इतक्या प्रमाणात असतात, की केवळ रसायनशास्त्राच्या नियमांवर सोडले तर त्यांचे स्फटिक बनायला हवेत. ते बनत नाहीत, कारण शरीर त्यांना सतत रोखून धरते. तेव्हा 'रोहिणीत चुना का साचतो' यापेक्षा 'एरवी तो का साचत नाही' हा प्रश्न मूलभूत ठरतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर दोन्ही बाजूंनी संकट येते. आहारातून येणारे फॉस्फेट बाहेर टाकणारा अवयव थांबतो. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास चालणारे डायलिसिस त्याची पुरती भरपाई करू शकत नाही. शिवाय रोखून धरणारी प्रथिनेही याच काळात दुबळी होतात.

या संकटाची तीव्रता २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वैद्यकजगताच्या नजरेस आणली. मूत्रपिंडे लहानपणीच निकामी झालेल्या ३९ तरुण रुग्णांच्या हृदयरोहिण्यांची वेगवान क्ष-किरण चित्रे घेण्यात आली. वीस वर्षांखालील २३ जणांपैकी एकाच्याही रोहिण्यांत कॅल्सीभवन नव्हते. वीस ते तीस या वयातील १६ जणांपैकी १४ जणांच्या रोहिण्यांत ते होते. उतारवयातला म्हणून समजला जाणारा विकार पंचविशीतल्या माणसांच्या हृदयाला वेढून बसला होता, आणि उरलेले दोघे का वाचले, हा प्रश्न त्या आकड्यांतच दडलेला होता.

येथे एका मोहापासून सावध राहणे इष्ट. मराठीत 'काळीज दगडाचे होणे' हा वाक्प्रचार इतका सहज उपलब्ध आहे, की या रुग्णांविषयी लिहिताना तो लेखणीवर आपणहून येतो. सूझन सोन्टॅग यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात रोगांवर लादलेल्या रूपकांचा जो धोका सांगितला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. दगडाचे काळीज हा स्वभावाचा दोष आहे. कॅल्सीभूत रोहिणी हा नाही.

राखणदारांची नावे

रोखून धरणाऱ्या प्रथिनांपैकी फेट्युइन-ए हे यकृतात तयार होऊन रक्तात फिरते. १९४४ मध्ये गर्भस्थ वासरांच्या रक्तद्रवात ते प्रथम वेगळे केले गेले, म्हणून गर्भवाचक लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचे खरे काम चुन्याच्या कणांना वेढून ते विरघळलेल्या स्थितीत वाहते ठेवणे हे आहे, याची कल्पना नाव देणाऱ्याला असण्याचे कारण नव्हते. दुसरे आहे मेट्रिक्स ग्ला प्रथिन. हे रोहिणीच्या भिंतीतच तयार होते आणि के-जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कार्यक्षम होते. ते बनवणारे जनुकच काढून टाकलेले उंदीर १९९७ साली तयार करण्यात आले, तेव्हा जन्मताना धडधाकट दिसणारी ती पिल्ले दोन महिन्यांच्या आत मेली. त्यांच्या महारोहिण्या चुन्याने भरून फुटल्या होत्या. ज्या एका प्रथिनाच्या अभावी आहार, वार्धक्य, मधुमेह यांपैकी काहीही नसताना रोहिणी फुटू शकते, त्याच्याविषयी डायलिसिसच्या तज्ज्ञांचे कुतूहल जागे होणे स्वाभाविक होते. माणसांतही या जनुकातील गंभीर दोषामुळे होणारा केउटेल विकार अत्यंत क्वचित आढळतो. त्यात कूर्चांचे कॅल्सीभवन होते.

ऑस्टिओप्रोटेजेरिन हे तिसरे. त्याचे नाव 'हाडाचा रक्षक' या अर्थाने घडवले आहे. १९९८ मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांची हाडे विरळ झाली आणि त्याच उंदरांच्या रोहिण्यांत चुना भरला. हाडातून जाणारा आणि रोहिणीत येणारा चुना एकाच हिशेबाच्या दोन बाजू असाव्यात, ही फिरखोची जुनी कल्पना येथे निराळ्या वेषात परतलेली दिसते. पायरोफॉस्फेट या साध्या संयुगाचे काम थोडक्यात सांगता येते : ते स्फटिकाला वाढू देत नाही, आणि ते बनवणाऱ्या जनुकाच्या गंभीर दोषामुळे तान्ह्या बालकांच्या रोहिण्यांचेही कॅल्सीभवन होते.

क्लोथोची कथा मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी थोडी विस्ताराने सांगायला हवी. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या जनुकसंचात एक बाहेरचे जनुक निराळ्याच हेतूने घालत होते. ते जनुक जेथे जाऊन बसले तेथे आधीपासून असलेल्या एका अज्ञात जनुकाचे काम बंद पडले, आणि ते उंदीर अकाली म्हातारे झाले : हाडे विरळ, कातडी पातळ, रोहिण्या कॅल्सीभूत, आयुष्य सुमारे दोन महिन्यांचे. १९९७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ग्रीक पुराणातील तीन दैवदेवतांपैकी आयुष्याचा धागा कातणारी ती क्लोथो. तिचे नाव या जनुकाला देण्यात आले. पाठचिकित्सेच्या भाषेत हा शुद्ध प्रक्षेप होता. एका प्रक्षिप्त ओवीमुळे तिच्याखाली दबलेली मूळ ओवी अस्तित्वात होती हे कळावे, तसे येथे घडले. पुढे असे निष्पन्न झाले की क्लोथो हे मुख्यतः मूत्रपिंडात बनते आणि फॉस्फेट बाहेर टाकण्याचा आदेश देणाऱ्या एफजीएफ-२३ या संप्रेरकाला त्याच्यावाचून काम करता येत नाही. मूत्रपिंड निकामी होते तेव्हा क्लोथो घटते. आदेश मोठमोठ्याने दिला जातो, पण ऐकणारा उरत नाही.

एका अक्षराचा फरक

या सर्व जनुकांत माणसामाणसांत लहान लहान भेद असतात. बहुतेक भेद एका अक्षराचे असतात. फेट्युइनच्या जनुकातील एका प्रसिद्ध भेदामुळे प्रथिनाच्या २५६ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल येते. २००५ मध्ये स्वीडनमधील मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या अभ्यासात सेरिन-पाठ असलेल्यांच्या रक्तात फेट्युइन कमी आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मेट्रिक्स ग्ला प्रथिनाच्या, ऑस्टिओप्रोटेजेरिनच्या, क्लोथोच्या आणि पायरोफॉस्फेट बनवणाऱ्या जनुकांच्या पाठभेदांवरही असे अनेक अभ्यास झाले. त्यांपैकी बरेच शे-दोनशे रुग्णांवर आधारलेले होते, आणि एका शहरात मिळालेला संबंध दुसऱ्या शहरात मिळाला नाही, असे वारंवार घडले.

हे अपयश समजून घ्यायचे तर 'पाठभेद' या संकल्पनेपाशी थांबावे लागते. जनुकशास्त्रज्ञ ज्याला भेद म्हणतो तो कशापासूनचा भेद? मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून प्रमाण संहिता तयार झाली. या संहितेचा सुमारे दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अमेरिकेतील बफेलो शहरातल्या एकाच अनामिक दात्याच्या जनुकसंचातून आलेला आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून तेथे स्वयंसेवक जमले होते. त्यामुळे प्रमाण संहितेत काही ठिकाणी बहुसंख्य माणसांत असणारा पाठ नसून एखादा दुर्मीळ, क्वचित रोगसूचकही, पाठ छापला गेला. येथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील प्रतींना विशेष महत्त्व दिले. पण सिद्ध झालेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता नव्हे, तर उपलब्ध साधनांवरून गाठता येणारे सर्वांत जुने रूप होय, ही मर्यादा त्यांनी स्पष्ट ठेवली. जनुकशास्त्राच्या प्रमाण संहितेला एवढाही दावा करता येत नव्हता. ती एक सोयीची प्रत होती, आणि सोयीच्या प्रतीला मूळ समजण्याची चूक संपादनशास्त्राने फार पूर्वी ओळखली आहे. २०२२ मध्ये ती संहिता सलग पूर्ण झाली आणि २०२३ मध्ये ४७ व्यक्तींच्या जनुकसंचांवर आधारलेली बहुपाठी संहिता मसुदारूपाने आली, हा त्या चुकीच्या दुरुस्तीचा आरंभ आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. फेट्युइनचे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९७ मध्ये पाहिले गेले तेव्हा त्यांच्यात विशेष काही बिघडलेले दिसले नाही. थोड्याच उंदरांत कोठे कोठे चुना साचला होता. तेच जनुक २००३ मध्ये दुसऱ्या वंशाच्या उंदरांतून काढले, तेव्हा त्यांच्या त्वचेत, मूत्रपिंडांत, हृदयाच्या स्नायूत, जागोजागी चुन्याच्या गाठी झाल्या. लोप तोच, भोवतीची संहिता निराळी, म्हणून परिणाम निराळा. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे विधान साहित्याच्या वर्गात इतके झिजले आहे की त्याला कोणी विरोध करत नाही आणि कोणी त्याचा उपयोगही करत नाही. या उंदरांच्या बाबतीत ते मोजून दाखवता आले. डायलिसिसच्या रुग्णांतील सेरिन-पाठाचा परिणाम शहराशहरांत बदलत असेल, तर आधी शंका अभ्यासाच्या लहान आकाराची घ्यावी हे खरे. परंतु ती फिटल्यावरही भोवतीच्या संहितेची शंका उरते.

धूर आणि ओले सरपण

आता खुणांकडे वळता येईल. रक्तातील ज्या घटकावरून रोगाचे अनुमान करायचे त्याला वैद्यकात मार्कर म्हणतात. न्यायशास्त्राची परिभाषा वापरली तर ते लिंग होय : प्रत्यक्ष न दिसणाऱ्या साध्याकडे नेणारी खूण. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, ते धूर आणि अग्नी यांच्या व्याप्तीच्या बळावर. नैयायिकांनी याच्या जोडीला एक सदोष अनुमानही विचारात घेतले आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो सरपण ओले असते म्हणून. हे ओले सरपण म्हणजे उपाधी : जेथे साध्य आहे तेथे ती असतेच, पण जेथे हेतू आहे तेथे ती असेलच असे नाही. हेतू आणि साध्य यांचा संबंध तिच्या आधाराने उभा असतो आणि वरवर पाहणाऱ्याला तो स्वतंत्र वाटतो. आधुनिक संख्याशास्त्र ज्याला गोंधळकारी घटक म्हणते, त्याची ही नेमकी व्याख्या आहे. भेद एवढाच, की नैयायिकाला अपवाद चालत नाही आणि संख्याशास्त्रज्ञ अपवादांचे प्रमाण मोजतो.

२००३ साली ३१२ डायलिसिस-रुग्णांच्या अभ्यासात रक्तातील फेट्युइन कमी असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले आणि फेट्युइन ही कॅल्सीभवनाची महत्त्वाची खूण ठरली. परंतु फेट्युइन हे शरीरात दाह असताना आपोआप घटणारे प्रथिन आहे. डायलिसिसच्या रुग्णांत दाह नेहमीचाच, कुपोषणही तसेच. दाहाने फेट्युइन घटते, आणि दाह स्वतः रोहिण्यांना स्वतंत्रपणे अपाय करतो. तेव्हा कमी फेट्युइन ही कारणाची खूण आहे की ओल्या सरपणाची?

ऑस्टिओप्रोटेजेरिनच्या बाबतीत तर लिंग उलटेच बोलते. उंदरांत त्याच्या अभावाने कॅल्सीभवन होते. पण रुग्णांत ज्यांच्या रोहिण्या अधिक कॅल्सीभूत त्यांच्या रक्तात हे प्रथिन अधिक सापडते. जेथे आग मोठी तेथे बंब अधिक दिसतात, म्हणून आग बंबांनी लावली असे कोणी म्हणत नाही; रक्ताच्या अहवालात मात्र बंब आणि आग यांतला फरक लिहिलेला नसतो. प्रत्यक्ष मोजमापही फसवू शकते. पायाच्या घोट्याशी घेतलेला रक्तदाब दंडाच्या रक्तदाबापेक्षा कमी असेल तर पायातील रोहिण्या अरुंद झाल्याचे समजतात. परंतु कॅल्सीभूत रोहिणी पट्ट्याच्या दाबाने दबतच नाही, आणि आजारी पायाचा आकडा निरोगी किंवा त्याहूनही चांगला येतो.

उपाधी वगळण्याचा एक मार्ग जनुकीय भिन्नतेतूनच निघतो, आणि या दोन विषयांचा एकत्र अभ्यास होण्याचे मुख्य कारण हेच आहे. कोणाला सेरिन-पाठ मिळणार आणि कोणाला थ्रिओनिन-पाठ, हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. पुढे आयुष्यात होणारा दाह तो पाठ बदलू शकत नाही. तेव्हा जन्मजात पाठामुळे ज्यांचे फेट्युइन कमी आहे त्यांच्याही रोहिण्या अधिक कॅल्सीभूत होत असतील, तर फेट्युइन हे कारण असण्याची शक्यता बळावते. होत नसतील, तर ती केवळ खूण होती. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात. ती डौलदार आहे, पण निर्दोष नाही. एकच पाठ एकाहून अधिक गोष्टींवर परिणाम करत असेल, किंवा तो ज्या समाजात अधिक आढळतो त्या समाजाचा आहार आणि गरिबी निराळी असेल, तर उपाधी मागच्या दाराने परत येते. शिवाय या पद्धतीला हजारो, अनेकदा लाखो व्यक्तींची माहिती लागते. सर्वसाधारण लोकसंख्येत ती उपलब्ध होते. डायलिसिसच्या रुग्णांत क्वचितच.

उरलेल्या प्रतींचा प्रश्न

ती तशी उपलब्ध झाली तरी एक प्रश्न उरतोच. डायलिसिसवर असलेला रुग्ण म्हणजे तेथपर्यंत पोहोचलेला रुग्ण. मूत्रपिंडविकाराच्या अनेक रुग्णांचा मृत्यू डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने होतो. ज्यांच्या संहितेत रोहिण्यांना अपायकारक पाठ होते त्यांच्यापैकी बरेच जण अभ्यासात येण्याआधीच गेलेले असू शकतात. आणि तो पाठ असूनही जे पोहोचले त्यांच्याजवळ त्यांना तारणारे दुसरे काही असण्याची शक्यता अधिक. अशा नमुन्यात अपायकारक पाठ निरुपद्रवी दिसतो, कधी हितकारकही. दमट प्रदेशातील जुन्या प्रती कुजून गेल्या आणि अलीकडच्या उरल्या, म्हणून त्या प्रदेशाची परंपराच अर्वाचीन होती असा निष्कर्ष कोणी काढला, तर संपादक त्याला लगेच थांबवील.

गरीब देशांत या गाळणीला दुसरी गाळणी जोडली जाते, ती पैशाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०१० साली सुमारे २६ लाख लोकांना डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपण मिळत होते, आणि किमान २२.८ लाख लोक ते न मिळाल्यामुळे मृत्यू पावले असावेत. भारतात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा २०१६ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या भारतीय नमुन्यांत जे रुग्ण आहेत ते बहुतांशी खर्च पेलू शकलेले किंवा मोठ्या शहराजवळ राहणारे आहेत, हे त्या अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना विसरून चालत नाही. जनुकसंचाच्या वाचनात अर्थशास्त्राचा असा हात असतो.

वंशपरंपरेचा प्रश्न याला लागून आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत डायलिसिसचे प्रमाण अधिक का, याचे उत्तर बराच काळ रक्तदाबात शोधले जाई. २०१० मध्ये एपीओएल-१ या जनुकातील दोन पाठभेद पुढे आले. ते जवळजवळ केवळ पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरेतील लोकांत आढळतात. आईवडील दोघांकडूनही असा पाठ आला तर मूत्रपिंडविकाराचा धोका वाढतो. पण हे पाठ निद्रारोगाच्या परजीवीपासून संरक्षण देतात, आणि त्यासाठी एक प्रतही पुरते. एका भूमीत ज्या पाठाने जीव वाचवला तोच दुसऱ्या भूमीत, दुसऱ्या शतकात, अपपाठ ठरला. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांपुढे अपपाठ म्हणजे काय याविषयी संशय नसावा. जनुकशास्त्रज्ञाला ती निश्चिंती लाभत नाही. भारतातील विविध समूहांच्या दहा हजार जनुकसंचांची माहिती जीनोमइंडिया प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. तिच्यामुळे युरोपीय नमुन्यांत मिळालेले कॅल्सीभवनाचे पाठ येथे किती प्रमाणात आढळतात हे पाहता येईल. त्यांचा डायलिसिसच्या रुग्णावर काय परिणाम होतो हे त्यातून कळणार नाही, कारण तो संग्रह रुग्णांचा नाही.

के-जीवनसत्त्व आणि वॉर्फरिन

हा सारा विचार रुग्णाच्या औषधापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः एका ठिकाणी. वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध प्रथम उंदीर मारण्याचे विष म्हणून १९४८ मध्ये बाजारात आले. ते के-जीवनसत्त्वाच्या कार्याला अडथळा करते. रक्त गोठवणाऱ्या घटकांप्रमाणे मेट्रिक्स ग्ला प्रथिनालाही हेच जीवनसत्त्व लागते, म्हणून वॉर्फरिनने तेही निकामी होते. १९९८ मध्ये उंदरांना हे औषध दिल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या रोहिण्यांत चुना साचलेला दिसला. डायलिसिसच्या रुग्णांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण मोठे असल्याने वॉर्फरिन अनेकांना दिले जाते, आणि त्वचेतील लहान रोहिण्या कॅल्सीभूत होऊन भयंकर वेदनांची व्रणे होण्याच्या क्वचित विकाराचा धोका त्याने वाढतो.

निकामी राहिलेले मेट्रिक्स ग्ला प्रथिन रक्तात मोजता येते. डायलिसिसच्या रुग्णांत ते पुष्कळ वाढलेले असते. येथे खूण आणि कारण यांची साखळी इतर कोणत्याही मार्करपेक्षा स्पष्ट दिसत होती : जीवनसत्त्व कमी, प्रथिन निकामी, रोहिणी कठीण. मग जीवनसत्त्व दिले तर? गेल्या दशकात असे अनेक प्रयोग झाले. के-जीवनसत्त्वाने निकामी प्रथिनाचे रक्तातील प्रमाण खरोखरच उतरले. रोहिण्यांतील कॅल्सीभवनाची वाढ थांबल्याचा खात्रीलायक पुरावा मात्र मिळाला नाही. कदाचित औषध उशिरा दिले गेले, कदाचित काळ अपुरा होता, कदाचित एकदा हाड बनू लागलेल्या रोहिणीला राखणदार परत आणून उपयोग नसतो. खूण सुधारली आणि साध्य तसेच राहिले, एवढे निश्चित.

जनुकीय पाठाचा उपयोग याच औषधाच्या संदर्भात एका निराळ्या कामासाठी आधीच रूढ झाला आहे. के-जीवनसत्त्वाचे चक्र चालवणारे एक जनुक आणि वॉर्फरिनचे विघटन करणारे दुसरे, यांच्या पाठभेदांनुसार औषधाची मात्रा कमीअधिक लागते. अमेरिकेतील औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये ही माहिती औषधाच्या पत्रकात समाविष्ट केली. म्हणजे किती वॉर्फरिन द्यावे हे सांगणारा पाठ वाचता येतो. त्या रुग्णाच्या रोहिणीचे त्या वॉर्फरिनने काय होईल, हे सांगणारा पाठ वैद्यकाच्या हाती नाही. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत कॅल्शियमयुक्त फॉस्फेटरोधक औषधांची मात्रा मर्यादित ठेवण्याची सूचना आहे आणि ज्याच्या रोहिण्यांत किंवा हृदयाच्या झडपांत कॅल्सीभवन आढळले आहे त्याला सर्वाधिक जोखमीचा रुग्ण समजण्याचीही. नियमित तपासणीसाठी सुचवले आहे ते दर एक ते तीन महिन्यांनी कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पॅराथायरॉइडचे संप्रेरक. फेट्युइन त्या यादीत नाही, सेरिन-पाठही नाही.